आधी बटन, मग दोरा

"सांग त्याले!"

हे दोन शब्द ऐकले नाहीत असं आमच्या डिंडोलीच्या सोसायटीत कुणी नव्हतं. काका दारात उभे राहायचे, जाणाऱ्या माणसाला मनगटाला धरून आत ओढायचे, आपला मोबाइल त्याच्या हातात कोंबायचे आणि त्या मोबाइलवर बोट रोखून ओरडायचे, "सांग त्याले!" पलीकडे गॅसवाला असो, वीज कंपनीचा माणूस असो, नाहीतर खुद्द जावई. काकांचं म्हणणं आपण सांगायचं, पलीकडचं उत्तर हातवारे करून काकांना समजवायचं, आणि उत्तर आवडलं नाही तर शिव्याही आपणच खायच्या.

काकांना ऐकू येत नव्हतं. धुळ्याकडून पोरसवदा वयात सुरतेला आले आणि उधन्याच्या कापड कारखान्यात मागावर उभे राहिले, ते म्हातारे होईपर्यंत. "दोन्ही कान मागले दी टाकात," दोन्ही कान मागाला देऊन टाकले, असं ते सांगायचे, तेही रागानेच. तुमच्याही ओळखीत असा एखादा मागवाला असेल. ही माणसं मोठ्याने बोलतात, कारण त्यांना स्वतःचाही आवाज पोचत नाही. काका तर टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघायचे आणि त्यातल्या भांडणाऱ्या माणसांवर चिडून काकूंना म्हणायचे, "सांग त्याले!"

काकू हसायच्या. साड्यांवर टिकल्या चिकटवता चिकटवता त्या नुसते ओठ हलवायच्या, आवाज न काढता. काका ते ओठ वाचायचे. मागांच्या खटखटाटात सगळे कारागीर असंच बोलतात. या दोघांनी ते घरी आणलं होतं. त्यांच्याकडे चहाला बसलं की दोघं काहीतरी बोलून घ्यायची, काका खो खो हसायचे आणि आपल्याला एक अक्षर कळायचं नाही. आपल्यावरच हसले की काय, असं वाटत राहायचं.

मग काकूंना लकवा झाला. वाचा गेली, एक अंग गेलं, आणि तोंड असं वाकडं झालं की ओठ वाचणं काकांना जमेना. काकू आतल्या खोलीत पडून. हाक मारायला आवाज नाही, मारली तरी काकांना कान नाहीत. काका दिवसभर त्या खोलीच्या उंबऱ्यात बसून राहायचे. स्वयंपाकही धड करता यायचा नाही. कामरेजला दिलेली त्यांची मुलगी मला म्हणाली, "भाऊ, काहीतरी कर ना."

कॅमेरे, इंटरकॉम, मोबाइलवर चालणारे दिवे बसवणं हा माझा धंदा. मी देवघराखालच्या फळीवर एक छोटा डबा बसवला, काकूंच्या चालत्या हाताखाली एक बटन चिकटवलं आणि बाहेरची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, सगळीकडे त्या डब्याच्या हुकमातले दिवे लावले. काकूंनी बटन दाबलं की घरभर लाल दिवे उघडझाप करायचे. पहिल्यांदा ते लागले तेव्हा काका धावत आत गेले आणि नंतर बाहेर येऊन माझ्या पाठीत एक जोरदार थाप मारली.

येईल त्याला ते तो दिवा दाखवायचे. "हाई मन्ही धल्लीनी जीभ शे," म्हणायचे. माझी म्हातारी आता यातून बोलते. पाहुण्याला चहा मिळायचा तो नंतर.

त्या दिव्यावर त्यांचा पूर्ण विश्वास बसला. का बसू नये? मागावर ताण्याचा एक दोरा तुटला तरी माग आपोआप थांबतो. थांबलेला माग दिसला की कारागीर तिकडे जातो, आणि चालतोय तोवर सगळं ठीक आहे असं धरून बाकीचे माग बघतो. काकांनी जन्मभर हेच केलं होतं. आता ते प्लॅस्टिकच्या खुर्चीत दिव्यासमोर बसायचे आणि दिवा शांत म्हणजे म्हातारी शांत, असं धरून भाजी निवडायचे.

एका दुपारी त्या डब्याने स्वतःचं सॉफ्टवेअर बदललं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. कंपनीच्या मनात आलं, तिने इंटरनेटवरून नवं पाठवलं आणि डब्याने ते गिळलं. त्या अपडेटमध्ये डबा काकूंचं बटन विसरला. वाईट याचं वाटतं की माझ्या मोबाइलवर सगळं हिरवं दिसत होतं. सगळं सुरळीत, असं तिथे लिहिलेलं होतं.

काका मेथी निवडत होते. चहाची वेळ झाली म्हणून उठून आत गेले, तर काकू पलंगावरून अर्ध्या खाली लोंबकळत होत्या. कपडे ओले, डोकं लोखंडी पट्टीला लागलेलं, आणि हात अजून बटनावर. काका ओरडले ते मला फाटकापाशी ऐकू आलं.

आम्ही दोघांनी काकूंना वर घेतलं. शेजारची गुजराती बाई धावत आली, तिने काकूंचे कपडे बदलले. "काका, शांति राखो ने," ती सारखी म्हणत होती. ते त्यांना ऐकू येत नव्हतं, हे एक बरं होतं. त्यांनी माझी कॉलर धरली.

"तुना दिवा खोटं बोलना!" ते ओरडले. "ती दाबत ऱ्हायनी नि मी बठेल ऱ्हायनू. दिवाकडेच देखत व्हतू ना रे मी!"

मी मोबाइल काढला. बोललो असतो तरी त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नसतं.

कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगा गोड हिंदीत बोलू लागला. काका समोर उभे, बोट मोबाइलवर रोखलेलं. "सांग त्याले, आठे माणूस पडेल शे!" मी सांगितलं. तो म्हणाला, "सर, आपका सिस्टम तो ऑनलाइन दिखा रहा है." मी सगळं पुन्हा सांगितलं. मग त्याने कुठेतरी बघून सांगितलं की नव्या सॉफ्टवेअरमध्ये हे जुनं बटन चालत नाही. पुढच्या अपडेटमध्ये कदाचित चालेल, तोवर थांबा. जुनं सॉफ्टवेअर परत बसवून द्या म्हटलं, तर म्हणे तसा नियम नाही.

काका जे म्हणत होते ते मी सौम्य करून पुढे ढकलत होतो. "अंकल थोड़े नाराज़ हैं," वगैरे. काकांनी माझा खांदा हलवला.

"तू गोड करी सांगी ऱ्हायना," ते म्हणाले. "माले तोंड वाचता येस."

मग माझंही डोकं फिरलं. काका बोलत गेले आणि मी त्यांचा शब्द न् शब्द त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच बोलीत त्या फोनमध्ये ओतला. "चालू माग बंद करानं व्हई ते आधी कारागिरले सांगनं पडस! तू मन्ह्या धल्लीनी जीभ कापी टाकी, नि माले सांगं बी नही!"

मग तो मुलगा म्हणाला, "सर, हम आपकी भावना समझते हैं." फोन ठेवल्यावर मोबाइलवर निरोप आला, या संभाषणाला किती तारे द्याल. मी तो काकांना सांगितला नाही. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तो मुलगा पगारी होता, त्याच्या हातात काही नव्हतं, हे मला कळतं. पण ज्यांच्या हातात होतं त्यांच्यापर्यंत पोचायला नंबरच नव्हता. मागाच्या मालकाला निदान तोंड असायचं, काकांनी त्याच्या दारात जाऊन शिव्या घातल्या होत्या.

त्याच संध्याकाळी काकांनी ताण्याचा पक्का दोरा काढला. एक टोक काकूंच्या बोटाला, दुसरं आपल्या मनगटाला. जेवताना तो दोरा, भांडी घासताना तो दोरा. न्हाणीघराच्या दाराखालूनही तो आत गेलेला मी पाहिला आहे.

मी घरी त्याच जातीचा एक डबा उघडून बसलो. कंपनीशी बोलण्यात अर्थ नव्हता. शेवटी सापडलं, की जुनं सॉफ्टवेअर डब्याच्या पोटात पडूनच असतं. इंटरनेटची वायर काढायची, मागच्या भोकात टाचणी दाबून धरायची आणि तशीच वीज चालू करायची. डबा मुकाट्याने मागच्या रूपात येतो. म्हणजे परत जाण्याची वाट त्यांनीच ठेवली होती आणि सांगत मात्र नव्हते!

दुसऱ्या दिवशी काकांच्या घरी तसंच केलं. डब्याला बटनाची पुन्हा ओळख करून दिली, मग एकेका दिव्याची. मी स्वतः बटन दाबून बघायला निघालो तर काकांनी मला अडवलं. "तू नको. तिले दाबू दे." ते खुर्चीत जाऊन बसले. आत काकूंनी दाबलं. बाहेर लाल दिवा लागला. काका उठले नाहीत, नुसते बघत राहिले. मग हाताने खूण केली, अजून. काकूंनी पुन्हा दाबलं. असं कितीदा झालं कोण जाणे. काका दिव्याला शिव्या देत होते आणि डोळे पुसत होते.

त्यानंतर त्यांनी धागे तोडायची छोटी कात्री आणली आणि डब्यात जाणारी इंटरनेटची वायर कचकन कापली. "आते कोन येस ते देखू," म्हणाले. वायर नुसती काढून ठेवता आली असती, पण ते मी त्यांना कशाला सांगू?

दोरा मात्र त्यांनी सोडला नाही. दिव्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. काकूंना त्यांनी शिकवलं, आधी बटन, मग दोरा. आत त्या तसंच करायच्या. दिवा लागायचा, पाठोपाठ मनगटाला हिसका बसायचा, आणि काका तोंडाने काहीतरी बडबडत आत जायचे.

यंदा काकांना ताप आला. दवाखान्यात नेलं, तिथून ते परत आले नाहीत. इतका भांडखोर माणूस कुणाशी न भांडता गेला, याचाही मला राग आला.

दिवसकार्य झाल्यावर मुलीचा फोन आला. आईला कामरेजला नेते, ते दिवे काढून घेशील का? मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. बाहेरच्या खोलीत खुर्ची तिथेच होती, दिव्यासमोर. तिच्या दांडीला दोरा बांधलेला.

"सोडला की आई रडते," मुलगी म्हणाली. "म्हणून मग खुर्चीला बांधला."

मी शिडी लावायला भिंतीकडे वळलो, तेवढ्यात दिवा लागला. लख्ख लाल, उघडझाप, एकदाही न चुकता. मुलगी पदर डोळ्यांना लावून तिथेच उभी राहिली. मीही उभा राहिलो. कुणी आत गेलं नाही.

मग दोरा ताणला गेला आणि ती हलकी खुर्ची आतल्या खोलीच्या दिशेने जराशी सरकली.