एक बोट ढिलं

रक्त वाहत नव्हतं, उडत होतं. थांबायचं, पुन्हा उडायचं. भाताची रोपं टाकायची जमीन भाजायला, राबासाठी, ऐनाच्या फांद्या तोडताना सुनेचा कोयता निसटला आणि तिच्याच घोट्याच्या आतल्या बाजूला बसला.

मी पदर फाडून गुडघ्याखाली बांधला. आमच्या सूर्यमाळच्या पाड्यावर साप फार. साप चावला की एक बोट आत जाईल इतकं ढिलं बांधायचं, हे मला पाठ. बोट घालून बघितलंसुद्धा. बरोबर बसलं होतं.

रक्त वाढलं. पाऊल सुजून काळंनिळं झालं, शिरा दोरीसारख्या वर आल्या.

"आई, पाय फुटंल," सून म्हणाली.

मी दुसरी चिंधी बांधली. तीही ढिली.

"बाय, तू बांधतेस का पिळतेस?" धाकटी जाऊ ओरडली. "रगत वाढलंय!"

"गप बस." पण तिचं खरं होतं. दोन्ही चिंध्या ओढून काढल्या, सुनेचा पाय खांद्यावर घेतला आणि जखमेत अंगठा रोवला. अंगठ्याखाली ठोके लागत होते. पाड्यावरच्या दोघांनी तिला झोळीत घालून रस्त्यापर्यंत नेलं. मी बाजूने तिरकी धावत होते, अंगठा तिथेच.

जीपवाला अजून दोन माणसांची वाट बघत होता.

"गाडी रगतानं भरायची का?" जाऊ म्हणाली. तो निघाला.

मोखाड्याला नर्सने घट्ट पट्टी बांधली आणि मलाच झापलं. "आजी, हृदयाकडून रक्त आणणारी नळी खोल असते, तिला जोर फार. परत नेणारी कातडीखाली, तिला जोर कमी. ढिल्या चिंधीने परतीची तेवढी दाबली. येणारं येतच राहिलं, मग जखमेतूनच बाहेर पडणार ना?"

"सापाला असंच बांधतात."

"साप चावला होता का?"

"कोयता लागला."

"आणि सापालाही आता बांधत नाहीत," ती म्हणाली.

टाके घालायला जव्हारला पाठवलं. तिथे मला बाकावर बसवेना. दारापर्यंत जायचं, परत यायचं. आजवर किती जणांचे पाय मी असे बांधले ते आठवत होते. त्यातले दोन गेले. ते विषाने गेले असंच आम्ही धरलं होतं. आत विचारायला गेले तर बाहेर काढलं. जाऊ म्हणाली, "बस गं, तुझ्या फेऱ्यांनी मला घेरी येते." मी बसले नाही.

दिवस कलताना दार उघडलं. सून जगली.