मागून ठोकलेल्यांचं ऑफिस

आमच्या ऑफिसातल्या जुन्या फायली दर दिवाळीला रद्दीत जातात, किस्से मात्र जात नाहीत. ते साठत राहतात आणि कोणी चहाला आलं की बाहेर पडतात. मी अंबरनाथ पूर्वेला पेंडसे वकिलांकडे एकोणीस वर्षं क्लार्क आहे. अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे हे सरांचं काम, आणि त्यातही गर्दी कोणाची, तर मागून ठोकलेल्यांची. इकडे रस्ते नवे झाले, गाड्या नव्या आल्या, पण पुढच्या गाडीपासून चार हात लांब राहायची सवय काही कोणाला लागली नाही. मागून धक्का बसला की मान आखडते, आणि मान आखडली की माणूस आमचा जिना चढतो.

त्यातलेच एक मोरिवलीचे म्हात्रेकाका. तीस वर्षं त्यांनी एका कंपनीची बस चालवली, एक ओरखडा नाही. माझे वडील त्याच बसने कामाला जायचे आणि काका स्टिअरिंगवर असले की निवांत झोपायचे. रिटायर झाल्यावर काकांनी स्वतःची छोटी गाडी घेतली आणि आठव्या महिन्यात बदलापूर रोडला एकाने ती मागून ठोकली. मानेचं दुखणं कायमचं लागलं. पण मानेपेक्षा जास्त दुखलं ते एक वाक्य. ठोकणारा पोलिसांना म्हणाला होता, "यांनी उगाच ब्रेक मारला." काका दवाखान्यातून घरी यायच्या आत ते वाक्य मोरिवलीत पोचलं होतं. नाक्यावर लोक विचारायला लागले, काका, हात बिघडला का?

काकांनी सरांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मना पैशे नको, साहेब. माजी चूक नव्हती, येवढा कोर्टाचे कागदाव लिवून पायजे."

सरांनी मान डोलावली. काकांना ती डोलावता येत नव्हती.

*

उल्हासनगरचे एक जीन्सवाले शेठ होते. डॉक्टरांनी मानेला पट्टा लावायला सांगितला. दुकानातल्या पट्ट्याने खाज सुटते म्हणून शेठनी आपल्याच कारखान्यात डेनिमचे सहा शिवून घेतले. आतून मऊ कापड, बाहेरून डबल शिलाई. त्यातला एक घालून ते साक्षीला उभे राहिले.

विमा कंपनीच्या वकिलांनी दरडावून विचारलं, असला पट्टा कुठल्या डॉक्टरने दिला? शेठना राग वगैरे काही नाही. त्यांनी कापड, शिलाई, धुवायचा कसा, सगळं व्यवस्थित समजावून सांगितलं. मधल्या सुट्टीत बघते तर तेच वकील शेठजवळ उभे. त्यांच्या वडिलांचीही मान दुखायची.

शेठ त्यांना सांगत होते, "साईं, आप केस बराबर लडो. पट्टे का रेट मैं घर का लगाता हूँ."

*

सोनिवलीला राहणाऱ्या एक शिक्षिका बाई यायच्या. त्यांच्या गाडीला सोसायटीतल्या शेजाऱ्यानेच गेटबाहेर मागून ठोकलं होतं. एका तारखेच्या आधी सर त्यांना साक्ष समजावत होते आणि बाई सारख्या घड्याळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, सर, जरा लवकर आटपा, खाली गाडी थांबलीय.

सरांनी विचारलं, कोणाची?

"ज्यांनी ठोकलं ना, त्यांची. माझी अजून गॅरेजमध्येच आहे, मग तारखेला आम्ही बरोबरच जातो."

सर हादरले. कोर्टात तरी एकत्र दिसू नका म्हणून त्यांनी बजावलं. पुढच्या तारखेला बाई पुढे आणि शेजारी बरोबर वीस पावलं मागे, असे दोघे कोर्टाच्या आवारात शिरले. एवढं अंतर त्या दिवशी गेटबाहेर ठेवलं असतं, तर माझं एवढं टायपिंग वाचलं असतं.

*

विमा कंपन्या कधीकधी माणूस पाठवून खात्री करतात, दावेदार खरंच आजारी आहे की घरी नाचतोय. असा एक तपासनीस बदलापूरला आमच्या एका अशिलाच्या घरी गेला. तिसरा मजला, लिफ्ट बंद. बिल्डिंगच्या खालीच वहिनी गॅस सिलिंडरजवळ उभ्या. हा साळसूदपणे म्हणाला, मिस्टर नाहीत का घरी?

"आहेत ना, पण त्यांना उचलवत नाही. तुम्ही वरच चाललाय ना भाऊ?"

भाऊंनी सिलिंडर तीन मजले वर नेला. वर पोहे झाले, चहा झाला. त्याने रिपोर्टमध्ये प्रामाणिकपणे लिहिलं की दावेदार वजन उचलू शकत नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे. चार दिवसांनी आमच्या ऑफिसात फोन. त्याची कंबर धरली होती, आणि याचा काही क्लेम बसतो का, असं तो विचारत होता.

*

इकडे म्हात्रेकाकांची केस चौथ्या वर्षात गेली. विमा कंपनीने तडजोडीचा निरोप पाठवला. रक्कम चांगली होती, पण वीस टक्के चूक काकांची धरायची. सर म्हणाले, घ्या, वय झालंय, किती हेलपाटे घालाल. मलाही तेच वाटत होतं.

"पैशे अर्धे करा," काका म्हणाले, "पन टक्का शून्य करा."

एवढा हट्टी माणूस, पण ब्रेक का मारला म्हणून विचारलं की गप्प. ड्रायव्हरला कारण असतं, एवढंच सांगायचे. सर चिडायचे. कारण नाही म्हटल्यावर केस टिकायची कशी?

शेवटी विमा कंपनीने काकांच्या गाडीला ठोकणाऱ्यालाच साक्षीला बोलावलं. बदलापूरचा साधा, घाबरट इंजिनिअर. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, पुढच्या गाडीने विनाकारण ब्रेक मारला ना?

तो म्हणाला, "विनाकारण नाही. मांजर आडवं येत होतं."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. काका बस चालवायचे तेव्हा कामगार मांजर आडवं येताना बघून थांबा थांबा करायचे, आणि हेच काका सगळ्यांना झापायचे, मांजराला ड्युटी नाही, आपल्याला आहे. वडिलांनी ते घरी येऊन शंभर वेळा सांगितलेलं. अख्ख्या मोरिवलीला ते पाठ होतं.

मग सर उठले. मांजर तुम्हालाही दिसलं होतं, तर तुम्ही ब्रेक का नाही मारला?

इंजिनिअरने कपाळ पुसलं. "सर, खरं सांगतो. ते आडवं जायच्या आत मला पुढे निघायचं होतं. म्हणून मी गाडी दामटली."

जजसाहेबांनी चष्मा काढून विचारलं, "आणि मांजर?"

"ते अर्ध्यातून मागे फिरलं, सर. आडवं गेलंच नाही."

निकाल लागला. म्हात्रेकाकांची चूक शून्य टक्के. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना पेढे वाटले. निकालाची नक्कल आली त्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून, फ्रेमवाल्याकडे माप विचारूनच आले होते. निकाल इंग्रजीत, म्हणून मी ओळीओळीने मराठीत सांगत गेले आणि काका बोटं मोजत गेले. मांजर नऊ वेळा आलं होतं, शून्य टक्का एकदाच, शेवटच्या पानावर.

काकांनी कागद नीट जुळवून टेबलावर ठेवले. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "पोरी, यातला निस्ता शेवटचा पान मिलंल का?"