मर्सी टीचरांचं शवासन

शवासनात मर्सी टीचर हसत होत्या. डोळे मिटलेले, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर तान्ह्या बाळाला झोपेत येतं तसं हसू. मला फार बरं वाटलं. वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या एका स्टुडिओत मी हॉट योगा शिकवते आणि क्लास संपताना सगळ्यांना असंच पोहोचवायचं असतं. शरीर मॅटवर, मन कुठेतरी भलतीकडे.

हॉट योगा म्हणजे नेहमीचीच आसनं, फक्त बंद, तापवलेल्या खोलीत. हवा दमट, दिवे मंद. आरशांवर वाफ धरते, शेजारची माणसं धूसर होतात, माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटतो. ही धुंदी लोकांना आवडते. मलाही आवडते, खोटं कशाला बोलू? उबेने सांधे सैल होतात, आखडलेली पाठ सुटते. पण दुखण्याची सूचनाही उशिरा मिळते आणि माणूस स्वतःला जास्तच ताणतो. क्लासनंतर वजन उतरलेलं दिसतं ते घामाचं. चरबी जागच्या जागी असते.

मर्सी टीचर वसई गावातल्या, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांचे गुडघे वाकत नव्हते. गुड फ्रायडेला चर्चमधल्या क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेत चौदा ठिकाणी थांबून गुडघे टेकतात. टीचर मात्र गेली काही वर्षं मागच्या बाकावर बसून होत्या.

"पोरांना गुडघे टेकायला मी शिकवलं गं, आणि मीच बसून राहते," पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या.

बीपीची गोळी चालू होती, पण डॉक्टरांना विचारून आल्या होत्या. मी त्यांना सौम्य बॅच दिली आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. हिवाळाभरात गुडघे खरोखरच वाकायला लागले.

तर त्या दिवशी सगळे उठले, टीचर उठल्या नाहीत.

"टीचर, हळूहळू बसा आता."

"थांब, हजेरी घेऊ दे."

बाकीचे हसले. टीचरांनी डोळे उघडले, पण त्या बघत होत्या माझ्या मागे कुठेतरी. "खिडकी लावा रे. समुद्राचं पाणी वर्गात येतंय."

त्या खोलीला खिडकीच नाही.

आम्ही त्यांना बाहेर गार हवेत आणलं. त्यांनी डोकं गच्च धरलं आणि ओकारी काढली. स्टुडिओचे मालक केतन सर बाटली घेऊन धावत आले. "डिहायड्रेशन आहे. पाणी पाजा."

मी बाटली अडवली. टीचरांच्या स्वतःच्या दोन्ही मोठ्या बाटल्या रिकाम्या झालेल्या मी पाहिल्या होत्या. मग पाणी कमी कसं पडेल? त्यांच्याबरोबर त्यांची जाऊ ल्युसी येते. तिला विचारलं, "सकाळी काय खाल्लं यांनी?"

"पेज. बिनमिठाची."

"बिनमिठाची का?"

"ईस्टरआधी आमचा उपवासकाळ असतो ना. काहीतरी सोडायचं असतं. कोण मटण सोडतं, कोण चहा. मर्सीनं यंदा मीठ सोडलंय."

घामातून पाण्याबरोबर मीठही जातं. वरून नुसतं पाणी पीत राहिलं, तर रक्तात उरलेलं मीठ आणखी पातळ होतं. माणूस बरळायला लागतो, फिटही येऊ शकते. मी शिकवते ती धुंदी आणि ही धुंदी चेहऱ्यावर अगदी सारखी दिसते.

"पाणी नको. गाडी काढा सर."

"जरा थांबून बघू. मेंबर्स बघतायत."

"बघू देत."

गोखिवऱ्याच्या हॉस्पिटलपर्यंत टीचर माझा हात धरून हजेरी घेत होत्या. जुन्या वर्गातली नावं, एकामागून एक, अगदी मायेने. त्या झोपू नयेत म्हणून मी प्रत्येक नावाला 'हजर' म्हणत होते. बाहेर ऊन होतं आणि मला हुडहुडी भरली होती.

"सोडियम खूप खाली आलंय. बीपीची गोळीही मीठ बाहेर टाकणारी आहे," डॉक्टर म्हणाले. "पाणी पाजलं नाहीत, ते बरं केलंत."

टीचर शुद्धीवर आल्यावर फादर भेटायला आले. "टीचर, मीठ कशाला? टीव्ही सोडायचा."

"सिरीयल सुटत नाय, फादर. मीठ सोपं वाटलं."

गरम खोली त्यांना कायमची बंद झाली. मी त्यांच्या घरी जाऊन तीच आसनं पंख्याखाली घेतली. प्रगती मंद होती, पण होती. गुड फ्रायडेला मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. पहिल्या ठिकाणी गुडघे टेकताना त्यांनी माझा हात घट्ट धरला. पुढे कधीतरी तो सुटला, ते मला कळलंही नाही.

हल्ली एकादशीवाले, रोजेवाले, डाएटवाले सगळेच माझ्याकडे येतात. काय खाता, हे मी शेवटी विचारते. आधी विचारते, काय सोडलंय.