खालाची डब्यांची रांग

गिरणीवाल्या खालाला अक्षरओळख नव्हती. पण समोर मांडलेल्या तीस-चाळीस डब्यांपैकी कोणता कुणाचा आणि कोण कोणाच्या आधी आले, हे ती पाठमोरी असतानाही सांगत असे. आष्टीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिची गिरणी होती. नवरा गेल्यापासून पट्टा चढवण्यापासून दळणाच्या दगडाला टाकी लावून खाचा पाडण्यापर्यंत सगळे तीच करी.

नव्वदच्या दशकातले ते भारनियमनाचे दिवस. दिवसा जेमतेम चार तास वीज मिळे. तेवढ्यात आधी ज्वारी, मग गहू, शेवटी डाळी, असा तिचा क्रम ठरलेला. पिठात पीठ मिसळलेले तिला खपत नसे. बायका दाराशी घोळका करून उभ्या राहिल्या की ती म्हणे, “डबा लाइनीत हाय ना? मंग तू कशाला उभी? सासूनं हाकललं का?”

संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.साठी मी रांगांच्या गणिती प्रारूपाचा विषय घेतला, तेव्हा ही गिरणी मला आयती प्रयोगशाळा वाटली. घड्याळ आणि वही घेऊन मी पोत्यावर बसू लागले. खाला येणाऱ्या प्रत्येकीला सांगे, “आमची पोरगी मुहूर्त काढून राह्यली. कुनाचं लगीन हाय, ते मलाबी न्हाई ठाव.”

लहान काम आधी उरकले तर सरासरी थांबण्याची वेळ घटते, हा सिद्धांत मला प्रत्यक्षात दाखवायचा होता. पुण्याच्या एका संशोधन संस्थेतील जागेसाठी मी अर्ज केला होता आणि त्यासोबत हाच निष्कर्ष पाठवायचा होता. मी खालाला गळ घातली, “पंधरा दिवस फक्त. ज्वारीतला छोटा डबा आधी, मोठा नंतर.” तिने क्षणभर डब्यांकडे पाहिले. “तू शिकलेली हायेस. करून बघू.”

आकडे उत्तम येऊ लागले. बायका लवकर सुटू लागल्या. मी प्रत्येक संध्याकाळी सरासरी काढून खूश होत असे.

शेवटच्या दिवशी खालाने वही वाचून दाखवायला सांगितली. मी नावे आणि वेळा वाचत गेले. ती जात्याच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

“शांताबाई कुठं गेली?” तिने विचारले.

शांताबाई रोजाने शेतावर जाणारी. रोजगार बुडू नये म्हणून ती फक्त बाजाराच्या दिवशी आठवड्याचे दळण एका मोठ्या डब्यात आणी. दोन्ही बाजारांना तिच्यापुढे लहान डबे येतच राहिले आणि वीज गेली. दोन्ही वेळा ती ज्वारी डोक्यावर घेऊन परत गेली होती. संध्याकाळी खालाने तिच्या घरी आपल्या घरचे पीठ पोहोचवले होते.

“तिचं दळण त्या दोन्ही दिवशी झालंच नाही,” मी म्हटले. “दळण संपल्याची वेळच नाही, म्हणून त्या ओळी खोडल्या. अपुरी नोंद हिशेबात धरत नाहीत.”

“जिचं दळन झालंच न्हाई,” खाला शांतपणे म्हणाली, “तीच तर सगळ्यात जास्ती थांबली ना, बेटा?”

मी घरी येऊन खोडलेल्या सगळ्या ओळी पुन्हा मांडल्या. शांताबाईसारख्या आणखी चौघी निघाल्या. पुढे त्यांचे दळण प्रत्यक्ष झाले त्या दिवसापर्यंतचा वेळ धरल्यावर माझी उत्तम सरासरी बहुतेक विरून गेली. दुसऱ्या सकाळपासून खालाने जुना क्रम पुन्हा लावला. मी प्रबंध नव्याने लिहिला. पुण्याची जागा त्या वर्षी दुसऱ्या कुणाला मिळाली.

बांधलेली प्रत घेऊन मी आष्टीला आले, तेव्हा गिरणी विकली गेली होती. खालाचा मुलगा जालन्याला एमआयडीसीत कामाला होता. त्याच्याकडे जाण्यासाठी ती सामान बांधत होती. तिने हात पुसून प्रत मांडीवर घेतली.

“यात शांताबाई कोन्ती?”

छापील तक्त्यात नावे नव्हती, क्रमांक होते. मी तिचे बोट धरून त्या ओळीवर ठेवले. तिने ते ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नेले.

“बराबर,” ती म्हणाली, आणि प्रत मला परत न देता सामानाच्या पेटीत ठेवली.