पोचा पडलेली घागर

डोंगराची इतकी काळजी करणारा माणूस शाहूवाडीत झाला नाही आणि होणारही नाही, हे माझ्या बायकोच्या मामांबद्दल मी शपथेवर सांगायला तयार आहे. दिलेल्या घरी लेक नीट नांदते का हे बघायला बाप काहीतरी निमित्त काढून जातो, तसे मामा रोज सकाळी गावामागच्या डोंगरावर जायचे. आंब्याला मोहोर लवकर आला तर झाडाखाली उभे राहून त्यालाच झापायचे, "कसली घाई झालीया रं तुला?" काजवे उशिरा दिसले तर दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नसायचं. मामी म्हणायच्या, "मला ताप आल्ता तवा एवढं इचारलं न्हाय ह्यांनी!"

पण मामांचा खरा जीव देवराईतल्या झऱ्यात. दर गुढीपाडव्याला ते आपली तांब्याची घागर झऱ्याखाली लावायचे, ती भरेपर्यंत मोठ्याने आकडे मोजायचे आणि शेवटचा आकडा गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहायचे. मध्येच कुणी आलं तर "एकाहत्तर, या पावणं, बसा, बाहत्तर" असं स्वागत व्हायचं. मी एकदा कोल्हापुरातून घड्याळ नेऊन दिलं. "सेल उतरतो, माजं तोंड न्हाय उतरत," म्हणून ते त्यांनी मामींना देऊन टाकलं. एकोणीसशे नव्वद सालाच्या सुमाराला ऐंशीच्या आसपास असलेला आकडा दरवर्षी एखाद्‌दुसऱ्याने वाढत होता. घागर भरायला वेळ लागतो, म्हणजे पाणी कमी झालं, असा साधा हिशेब.

त्या घागरीच्या पोटाला भलामोठा पोचा होता. मला जावईपणाचा उमाळा आला आणि एका दिवाळीत मी ती गुपचूप तांबटाकडून ठोकून, चकचकीत करून आणली. मामांनी ती हातात फिरवली, माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली.

पुढच्याच गुढीपाडव्याला गावाने देवळाच्या मंडपासाठी देवराईतली चार मोठी झाडं तोडायचं ठरवलं होतं. मामा हट्टाला पेटले, "आधी झरा मोजू, मग कुऱ्हाड लावा." सगळा गाव जमला. नव्वद गेले, शंभर गेले, एकशे चारला घागर भरली. "देवीचं पानी आटाय लागलं की," म्हणत एक म्हातारी रडायलाच लागली. झाडं वाचली.

मला मात्र त्या आकड्याचं कारण ठाऊक होतं. परतताना मी कबूल केलं, "मामा, घागर मोठी झालीय. पोचा मी काढला."

"ठावं हाय की! पोचा गेल्यावर पानी जास्त मावणार, एवढं कळत न्हाय व्हय मला?"

"मग बोलला का नाही?"

"झाडं पडल्यावर खरं बोलून काय उपेग?"

घरी येऊन त्यांनी ती घागर दगडावर आपटून तिला पुन्हा पोचा पाडला, अगदी पहिल्यासारखी अकरा तांब्यांत भरेपर्यंत. त्या वर्षाची जागा भिंतीवर कोरी ठेवली. "खोटा आकडा भिंतीवर न्हाय चढायचा," म्हणाले.

मामा गेल्याला आता काही वर्षं झाली. पाडव्याला मीच जातो. मोजताना मध्येच "या पावणं" म्हणावं असं कुणी येत नाही, तेव्हा मामांची फार आठवण येते. परवाच्या पाडव्याला मी मोजत होतो. शंभर गेले, एकशे चारही गेले. माझा हात आपोआप घागरीच्या पोटावर गेला.

पोचा जागेवरच होता.