मार्थाअक्कांनी प्रभुभोजन सोडलं

धुळ्यात आमच्या गल्लीत चर्चच्या दाराशेजारीच माझ्या स्वयंपाकघराची खिडकी. त्यामुळे किस्से मला शोधावे लागत नाहीत, तेच आत येऊन साठतात. परवा असाच एक अर्धवट आला. "मार्थाअक्कांनी प्रभुभोजन सोडलं, म्हणे धर्मच..." आणि माझ्या कुकरची शिट्टी झाली.

प्रभुभोजन म्हणजे चर्चमध्ये मिळणारा भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट. कुणाशी वाकडं असेल तर आधी मिटवायचं, मग घ्यायचं.

*

सॅम्युअलभाऊ तिथले पुढारी. सख्ख्या भावाशी गाडी लावण्यावरून अबोला. पाळकसाहेब "आपसांत मिटवा" म्हणाले, की भाऊ रांगेतच मागे वळून कुजबुजतात, "तुला माफ केलं. पण गाडी हलव."

धाकटा म्हणतो, "आमेन. नाही हलवणार."

मग दोघंही हात पुढे करतात.

*

भाऊंची जेवणाआधीची प्रार्थना इतकी लांब, की सूनबाई 'आमेन' ऐकल्यावरच पोळ्या लाटायला घेते. पण आमचे हे ॲडमिट होते तेव्हा तीन दिवस डबा याच माणसानं आणला. प्रार्थनाही केली. तिन्ही दिवस हे गारच जेवले.

*

तेच भाऊ आता म्हणायला लागले, "विश्वास ढळलेल्या बाईकडे महिला मंडळ कसं ठेवायचं?" रविवारी ठरणार होतं. अक्का रिटायर्ड नर्स, वीस वर्षं मंडळ त्यांनीच चालवलेलं. मला राहवेना. गेले.

अक्का चहा गाळत होत्या.

"अक्का, धर्म सोडला का हो?"

"प्रार्थना रोज करते. भोजन तेवढं घेत नाही. एकीवर राग आहे. तोंडावर गोड बोलते, पण मनातून जात नाही. मग हात कसा पुढे करू?"

"कोण ती? मी बोलते तिच्याशी. कुणाला सांगणार नाही."

अक्का चिडल्या की चोपड्याच्या माहेरची अहिराणी बाहेर येते. "तूच शे ती. नाताळच्या करंज्या मी दुकानातून आणल्या, हे खोटं बठ्ठी गल्लीले कोण सांगं?"

मी कान पकडले. चहा मात्र दोघींनी घेतला.

*

रविवारी खिडकीतून अक्का रांगेत दिसल्या. सॅम्युअलभाऊ बघतच राहिले. अक्कांचा नंबर आला, तशा त्या मागे फिरल्या, बाहेर येऊन थेट माझ्या खिडकीशी.

"शोभा, अर्ध्या दुकानच्याच होत्या."

आणि परत जाऊन रांगेत उभ्या राहिल्या.