मेंदूत अमिबा गेलेल्या माणसाची किडनी

उदगीरच्या बाजारात गुरुपादप्पांचं बांगड्यांचं दुकान आहे. दुकान त्यांचं, पण बायकांच्या हातात बांगड्या भरायचं काम त्यांच्या पत्नीचं, बसम्माचं. किडन्या निकामी झाल्या, लातूरला डायलिसिसच्या खेपा सुरू झाल्या, तेव्हा तिचं दुकानात बसणं सुटलं. भावाची किडनी जुळली नाही. मुलीची घ्यायला ती तयार नव्हती. मग मेंदू मृत झालेल्या एखाद्या दात्याची किडनी मिळेल म्हणून नाव नोंदवलं.

मागच्या उन्हाळ्यात नांदेडच्या एका दवाखान्यातून फोन आला. दोघं पोचल्यावर डॉक्टर सृष्टी यांनी त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. दाता तरुण होता. साचलेल्या पाण्यात पोहताना नाकावाटे अमिबा शिरून त्याच्या मेंदूत गेला. रक्तात तो सापडला नव्हता. सहसा तो मेंदूबाहेर पसरत नाही. जगात अशा दात्यांच्या किडन्या थोड्या लोकांना बसवल्यात, बहुतेक नीट आहेत. पण हमी देता येत नव्हती, आणि लागण झालीच तर खात्रीचं औषध नव्हतं. यादीत त्यांच्या आधी असलेल्या पेशंटनं नको म्हटलं होतं.

"न्हाई घ्यायची," गुरुपादप्पा म्हणाले. "डायलिसिसवर निदान जिवंत तर हाईस."

बसम्मानं डॉक्टरांना विचारलं, "त्याच्या घरच्यांना ठावं हाय का, कशानं गेला ते?"

हो, डॉक्टर म्हणाल्या. त्याच्या आईनं एकच बजावलं होतं, घेणाऱ्याला सगळं सांगूनच द्या.

बसम्मा नवऱ्याला म्हणाली, "मी घेते. लपवलं असतं तर भ्याले असते."

गुरुपादप्पा बाहेर गेले, व्हरांड्यात फेऱ्या मारून आले आणि तिच्या सहीखाली सही केली.

किडनी चालली. घरी आल्यावर काही दिवसांनी मात्र तिला ताप भरला, डोकं दुखायला लागलं. गुरुपादप्पांनी तशीच गाडी करून नांदेड गाठलं. पाठीतलं पाणी काढून तपासलं. त्यात काही निघालं नाही; लघवीचा संसर्ग होता, औषधानं उतरला.

दात्याच्या आईला भेटायची तिची इच्छा होती, पण नियमानं दात्याचं नाव सांगता येत नाही. "लेकराची किडनी चालू हाय, एवढं तरी कळवा," असं तिनं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी कळवलं.

आता ती मास्क लावून पुन्हा बांगड्या भरते. गुरुपादप्पा दुकान उघडायच्या आधी तिच्या कपाळाला हात लावून बघतात. ताप नाही हे तिला ठाऊक असतं, तरी ती बघू देते.